अकरा बिंदू

धम्मदीपने माउसने बिंदू पकडला आणि उजवीकडे ओढला. बिंदू हलला नाही. त्याने पुन्हा ओढला, या वेळी मनगटाला जरा जोर देऊन, जोर दिल्याने संगणकाला काही फरक पडत असल्यासारखा. पडद्यावर चाकांच्या खुर्चीचा सांगाडा होता, नुसत्या रेघांचा, सगळ्या रेघा काळ्या. आणि त्यातला हा एक बिंदू, पाठीच्या नळीचं वरचं टोक, जिथून ढकलणाऱ्याची मूठ सुरू होते, तो जागचा हलायला तयार नव्हता. हलू नये हेच खरं तर बरोबर. पूर्ण बांधलेलं स्केच हलत नाही, म्हणून तर ते काळं दिसतं. पण न हलण्याचे दोन प्रकार असतात, आणि यातला हा कुठला, हे वाघोलीच्या पुढे रस्त्याकडेला असलेल्या त्या ऑफिसात एकट्या धम्मदीपला ठाऊक होतं. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. त्याने हात काढून मांडीवर ठेवला. तळवा गार पडलाय याची त्याने नोंद घेतली, एखाद्या तिऱ्हाइताने घ्यावी तशी.

ज्याने हे काम कधी केलं नाही त्याला सांगायचं तर एवढंच सांगता येईल. कागदावर बिंदू बांधायला दोन मापं पुरतात, इकडून किती आणि खालून किती. हवेतल्या बिंदूला तिसरं माप लागतं, खोलीचं, आणि सगळी फसगत तिथेच होते. समोरून बघावं तर बिंदू अगदी नळीवर बसलेला. मॉडेल जरा फिरवलं की तो हातभर मागे लटकतोय. बिंदू सुटा आहे तोवर त्याची रेघ निळी. तिन्ही मापं मिळाली, शेजारच्या रेघांशी नातं जुळलं, कुणाशी समांतर, कुणाशी काटकोनात, की ती काळी. एखादं माप जास्त झालं की लाल. खुर्चीची नळी एकच, पण ती पावलांपासून निघून बैठकीखालून, पाठीवरून, मुठीपर्यंत वळत वळत जाते. तिला एका ठिकाणी माप दिलं की दुसरीकडे काहीतरी पिळवटतं, ते सरळ करावं तर तिसरीकडचं लाल होतं. निळ्याचं काळं करता करता चांगल्या चांगल्यांच्या तोंडाला फेस येतो. आणि मग एक पळवाट असते. बिंदू निवडायचा आणि 'फिक्स' म्हणायचं. म्हणजे कुणापासून किती हा हिशेब नाही, कुणाशी नातं नाही. तू आहेस तिथे गप राहा. रेघ तत्क्षणी काळी होते. बघणाऱ्याला फरक कळत नाही. कळतो तो शेजारचं काही बदललं की.

आणि ते बदललं होतं. दोन आठवड्यांपूर्वी एका रुग्णालयाने बैठक साठ मिलिमीटर जास्त खोल मागितली. धम्मदीप त्या दिवशी आत्येबहिणीच्या लग्नाला गेला होता. अवनी या ऑफिसात नवी, सहा महिन्यांच्या परीक्षेवरची. तिने ही जुनी फाइल उघडली, चारशे वीसच्या जागी चारशे ऐंशी टाकलं, सगळं काळंच राहिलं, तिने ड्रॉइंग काढलं आणि आमोदने, म्हणजे डिझाइनच्या मॅनेजरने, त्यावर सही केली. बैठक मागे सरकली. पाठीचं खालचं टोक बैठकीबरोबर इमानाने मागे गेलं. वरचं टोक मात्र नऊ वर्षांपूर्वी होतं तिथेच राहिलं. आरामात मागे रेललेली पाठ त्यामुळे ताठ झाली. तशा नव्वद खुर्च्यांच्या नळ्या वाकवून झाल्यावर मशीनवरच्या माऊलीने एक खुर्ची जोडली, स्वतः तिच्यात बसून पाहिलं आणि वर फोन लावला.

"सायेब, ही खुर्ची हाय का शाळंतला बाक? पेशंट बसंल आन् म्होरं पडंल."

तेव्हापासून अवनीशी कुणी धड बोलत नव्हतं. आज सकाळी जिन्यात आमोदने धम्मदीपला गाठलं होतं. "चार वाजता केबिनमध्ये या हो. फॉरमॅलिटी आहे. कारण लिहून वर पाठवायचंय. मुलगी वाईट नाही, पण लक्ष नसतं. कन्फर्म करायचं नाही असं ठरवलंय, पत्र टाइप झालंय. शंभरेक खुर्च्या घालवल्या म्हणजे काय."

"नव्वद," धम्मदीप म्हणाला.

"तेच ते."

ते तेच नव्हतं. चुकीचा आकडा त्याला सहन होत नसे. कुणी दीड मीटर म्हटलं की तो एक हजार चारशे साठ म्हणायचा, लग्नात कुणी दोनशे पानं उठली म्हटलं की त्याच्या मनात मोजणी सुरू व्हायची. अक्षता, त्याची बायको, पूर्वी याला हसायची, मग चिडायची, आता दोन्ही करत नाही. ऑफिसात याच गुणावर त्याचा दरारा होता. अवनीही त्याच्याकडे माप विचारायला यायची ती वही घेऊन, परीक्षेला आल्यासारखी. ती सदाशिव पेठेत एका खोलीत तिघींबरोबर राहायची आणि रोज स्कूटरवरून नगर रोडची ती सगळी धूळ खात इथवर यायची. डबा खाताना एकदा सहज म्हणाली होती, की ही नोकरी टिकली नाही तर परभणीला परत, असं घरी कबूल करून आलेय. तिकडे मुलगा बघून ठेवलाय. बोलताना ती भेंडीतली मिरची बाजूला काढत होती. धम्मदीपला ते आता आठवलं, मिरचीसकट.

फाइल कुणी बनवली या रकान्यात 'ॲडमिन' असं होतं. मध्ये सर्व्हर बदलला तेव्हा सगळ्या जुन्या फाइलींवरची नावं अशीच गेली. म्हणजे पुरावा नाही. त्याने हे आधी तपासलं, बिंदू ओढायच्याही आधी, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या लक्षात आली तेव्हा त्याला आपली किळस आली, पण तीही जरा दुरूनच.

नऊ वर्षांपूर्वी, हा सांगाडा काढला तेव्हा, तोही सहा महिन्यांच्या परीक्षेवरच होता. आमोदच्या जागी श्याम सर होते. पेठेतून दोन बस बदलून यायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि आल्या आल्या कुणाच्या तरी पाठीमागे उभे राहायचे. निळी रेघ दिसली की म्हणायचे, "आपण आकाश काढायला बसलोय का?" या खुर्चीचा सांगाडा त्यांनी धम्मदीपला दिला तो सोमवारी. बाकीच्यांना सपाट पट्ट्या, कोनाचे तुकडे, आणि याला हवेत वळणारी नळी. हे मुद्दाम की सहज, हे त्याला तेव्हाही कळलं नाही, आणि न कळल्यामुळे ते जास्त लागलं. तीन दिवस तो तिच्याशी झगडला. बैठक बांधली, पाय बांधले. पाठीकडे गेलं की डावी मूठ उजवीच्या खाली उतरायची. दोन्ही सारख्या केल्या की पाठ पिळायची, कपडे पिळल्यासारखी. गुरुवारी पाचला सर चहाला गेले. पडद्यावर अकरा टोकं निळी होती. त्याने ती डोळ्यांना बरी दिसतील अशी सरकवली आणि एकेक करून फिक्स केली. पाठीची सहा, मुठींची चार, डाव्या पायाचं एक. अकरा क्लिक. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल. सर परत आले, मागे उभे राहिले, आणि कधी नव्हे ते त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "काळं कुळकुळीत. सुरेख." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्यातली मुलं मेहनती असतात, हे मात्र मान्य करायला हवं."

तो हसला होता. आपण हसलो हे त्याला स्पष्ट आठवतं. गालाचे स्नायू वर जातानाची जाणीवसुद्धा. त्या एका वाक्यामुळे परतीची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं म्हटलं असतं, की सर, काल मी खोटं केलं, जरा मुदत द्या, तर ते एकट्या धम्मदीपने सांगितल्यासारखं झालं नसतं. आणि त्या सांगाड्यावरच तर त्याला कायम केलं. पत्र घरी नेलं तेव्हा वडिलांनी, सुखदेवरावांनी, ते दोनदा वाचलं, घडी न घालता बुद्धमूर्तीपुढे ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून; त्यांच्या हातची टिपणी साहेब तीनदा वाचायचा, इतरांची एकदा. "आपल्या कामावर बोट ठेवायला कुणाला जागा देऊ नकोस," एवढंच ते मुलाला सांगायचे, जेवताना, बसस्टॉपवर, प्रसंग असो नसो. धम्मदीपने जागा दिली नव्हती. अकरा ठिकाणी त्याने ती बुजवून टाकली होती.

त्यानंतर तो सांगाडा सगळीकडे गेला. त्याच्यावरून दुसरं मॉडेल झालं, तिसरं झालं. चाकं बदलली, रंग बदलले, बैठक मात्र कुणी कधी बदलली नाही, म्हणून काही उघडं पडलं नाही. फाइलमधून फाइल काढताना ते अकरा बिंदूही मुकाट्याने पुढे जात राहिले. शेवटच्या दुखण्यात वडिलांना रुग्णालयात नेलं तेव्हा दारातून जी खुर्ची पुढे आली ती हीच होती. वॉर्डातली बाई वडिलांना ढकलत लांबलचक बोळातून नेत होती आणि धम्मदीप पिशवी धरून मागून चालत होता. वडिलांची पाठ नीट टेकली होती. ते कण्हत होते, मध्येच मान वळवून मुलगा येतोय का बघत होते, आणि मुलगा बघत होता तो मुठीच्या नळीकडे, ती सुरू होते त्या टोकाकडे. हे कशालाच बांधलेलं नाही, एवढाच विचार त्याच्या डोक्यात चालला होता. वडिलांनी काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारायचं त्यांनी टाळलं. तीन दिवसांनी ते गेले. काय विचारलं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि याची लाज त्याला जेवढी वाटते तेवढी त्या अकरा क्लिकची कधी वाटली नाही.

साडेबाराला त्याने अवनीला बोलावलं. का बोलावलं ते त्याने स्वतःला नीट विचारलं नाही. शिकवायला, असं उत्तर तयार होतं आणि ते वाईट नव्हतं.

"बस. बैठक बदल आता. पाचशे टाक."

तिने टाकलं. बैठक मागे गेली, पाठ आणखी ताठ झाली. रेघा काळ्याच.

"त्या दिवशी पण सेम असंच झालं असणार," अवनी म्हणाली. "पण सगळं फुल्ली डिफाइन्ड होतं, सर. एक वॉर्निंग नाही आली."

"येणार नाही. हे बघ." त्याने टोकावर क्लिक केलं. कोपऱ्यात एकच शब्द उमटला. "नुसतं फिक्स केलंय. काही नातं दिलेलं नाही."

ती पुढे वाकली. तिच्या बाहीवर रस्त्याची धूळ होती. "डायरेक्ट फिक्स? असं कुणी केलं?"

"जुनी फाइल आहे," धम्मदीप म्हणाला.

"किती आहेत असे पॉइंट?"

"असतील दहा-बारा."

अवनीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बघणं क्षणभराचंच होतं, पण त्यात एक अडखळणं होतं. सहा महिन्यांत या माणसाच्या तोंडून तिने 'असतील' हा शब्द ऐकला नसावा. मग ती "थँक्यू सर, मी बघते" म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. धम्मदीपला बरं वाटलं. आता तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, ते आपणच दिलंय, असं म्हणत तो डबा खायला गेला, आणि डबाही संपवला.

चारला आमोदच्या केबिनमध्ये तिघं बसले. पत्र टेबलावरच होतं, काचेच्या गोळ्याखाली, वाचता येईल असं. आमोदने कारणाचा छापील कागद पुढे ओढला. वर तारीख घातली. त्याचा सूर समजुतीचा होता. ज्या ड्रॉइंगवर आपली सही आहे त्याबद्दल बोलताना माणसाचा होतो तसा.

"काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. मी लिहून घेतो."

अवनीने वही उघडून मांडीवर धरली होती. "बैठक बदलली तेव्हा पाठीचे पॉइंट सरकले नाहीत. ते फिक्स केलेले होते. मी चेक करायला हवं होतं, केलं नाही."

"कुणी केले होते फिक्स?"

"माहीत नाही, सर. जुनी फाइल आहे."

धम्मदीपने आपलेच शब्द ओळखले, सूरही आपलाच. आता बोलायला हवं, असं त्याला वाटलं, आणि आपण बोलत नाही आहोत हेही दिसलं. खिडकीबाहेर ट्रक जात होते. आपण हिला फाइल का दाखवली हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं: हिने सांगावं म्हणून. एका तेवीस वर्षांच्या मुलीने आपलं नाव घ्यावं, मग आपण मान खाली घालू, आणि सगळं आपल्या हातून न होता होऊन जाईल. ती तर नाव घेत नव्हती. आमोदचं पेन चाललं होतं. पत्राखाली आमोदची सही झालेली होती. तारखेची जागा तेवढी मोकळी होती. आणखी पाच मिनिटं गप्प बसलं की ती भरली जाईल, ही मुलगी परभणीच्या गाडीत बसेल, आणि आपण उद्या पावणेदहाला याच जिन्याने वर येऊ. हे सगळं त्याला नीट दिसत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

"पॉइंट फिक्स असल्यामुळे," आमोद लिहिता लिहिता म्हणाला. "किती होते?"

"बारा," अवनी म्हणाली.

"अकरा," धम्मदीप म्हणाला.

आमोदने वर बघितलं. "अकरा का बारा? वर पाठवायचंय हे."

"बारा आहेत," अवनी वहीकडे बघत म्हणाली.

"अकरा. पाठीचे सहा, मुठींचे चार आणि डाव्या पायाचा एक."

"तुम्ही मोजलेत?"

"मोजले नाहीत," धम्मदीप म्हणाला. "केलेत. मीच फिक्स केले होते ते. नऊ वर्षांपूर्वी."

आमोदने पेनाला टोपण घातलं. "अहो, हे आता कशाला? नऊ वर्षांपूर्वीचं उकरून कुणाचं भलं होणार आहे? फाइलवर तुमचं नावसुद्धा नाही."

"म्हणूनच. द्या इकडे, मी लिहितो."

त्याने कागद ओढून घेतला. आमोदने लिहिलेल्या दोन ओळींवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, काय केलं, कधी, किती ठिकाणी, आणि नवीन माणसाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याचं त्याला नवल वाटलं. आमोदने ते वाचलं, परत वाचलं.

"ड्रॉइंगवर सही करायचे तुमचे अधिकार जातील. निदान वर्षभर. मला ते करावंच लागेल."

"करा."

आमोदने गोळ्याखालचं पत्र काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि ते टोपलीत न टाकता खिशात घातले. "हिचं कन्फर्मेशन उद्या काढतो," तो अवनीकडे न बघता म्हणाला आणि फोन करायला बाहेर गेला. दार मागे आपोआप मिटलं.

धम्मदीप बसून राहिला. आपण धाडस केलं असं वाटून घ्यायची संधी होती, पण ते खरं नव्हतं. मुलीची नोकरी जाताना त्याचं तोंड उघडलं नाही, आकडा चुकला तेव्हा उघडलं. त्याला अवनीची माफी मागायची होती. ती सुरू कुठून करायची हे जुळवताना त्याची नजर तिच्या मांडीवरच्या वहीवर गेली. पानभर पेन्सिलीच्या खुणा होत्या. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी, अशा दोन जुड्या. शेजारी एक सुटी रेघ. त्याखाली, पुन्हा मोजून काढलेल्या, तशाच दोन जुड्या आणि एक रेघ. प्रत्येकीवर बारीक अक्षरात त्या त्या बिंदूचं नाव होतं.

तो बघतोय हे अवनीने पाहिलं. तिने वही घाईने मिटली नाही.

"मोजण्यात चूक झाली माझी," ती म्हणाली. चेहरा अगदी कोरा होता.

धम्मदीपला हसू आलं नाही, पण डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत. अवनी खिडकीकडे बघत राहिली, त्याचं आवरेपर्यंत.

मग तिने विचारलं, "आता हे सगळे फिक्स काढून नीट बांधायचं ना? मला दाखवाल कसं करतात ते?"

"मला येत नाही," धम्मदीप म्हणाला.

त्याला वाटलं, तिला ऐकू गेलं नसावं.

"तेव्हाही जमलं नव्हतं. म्हणून तर फिक्स केले. नंतर कधी करून बघितलं नाही."

अवनीने वहीचं नवं पान काढलं. "मग पहिला कुठला सोडायचा, सर?"

"तेही माहीत नाही," तो म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी दार उघडून धरलं.